पेट्रोल पंपाखालची माती आणि 50 मीटरचा वाद

ठाणे किंवा नवी मुंबईत नव्या पेट्रोल पंपाला रहिवाशांनी हरकत घेतली की चर्चा लगेच अंतरावर येते. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पातळीवर निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळा, 10 किंवा त्याहून जास्त खाटांची रुग्णालये आणि स्थानिक कायद्याने निवासी ठरवलेले क्षेत्र यांपासून नवा पंप 50 मीटर लांब हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून त्याहून जवळ चालतो, पण 30 मीटरच्या आत कधीच नाही.

खरा घोळ आहे तो मोजणीचा. अंतर धरायचे ते टँकर रिकामा करण्याचा फिल पॉइंट, इंधन देणारे यंत्र आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तिथून. या तिन्ही जागा वाफेच्या आणि आगीच्या. ज्या टाकीला भोक पडून माती आणि भूजल नासते, ती टाकी या मोजणीत धरलेलीच नाही. शिवाय अंतराची अट नव्या पंपांना आहे. नियम येण्याआधी पुरलेल्या टाक्यांचे काय, याचे उत्तर त्यात मिळत नाही. जमिनीखाली गळलेले इंधन वर्तुळात पसरत नाही. भूजलाचा उतार ज्या बाजूला असेल तिकडे त्याचा लांबट पट्टा सरकतो. त्यामुळे उताराच्या वरच्या अंगाची सोसायटी पंपाला खेटून असूनही वाचते, आणि खालच्या अंगाची बोअरवेल 50 मीटरच्या पलीकडे असूनही बाधित होऊ शकते. आगीच्या दृष्टीने ही अट रास्तच आहे. पाण्याच्या दृष्टीने मात्र तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, आणि सुनावण्यांमध्ये सगळा जोर याच आकड्यावर जातो याचे वाईट वाटते. गळती झाल्यास जागा स्वच्छ करण्याची जबाबदारी तेल कंपनीवर टाकणारी तरतूद त्याच सूचनांमध्ये आहे. हरकतींमध्ये तिचा उल्लेख क्वचितच होतो.

फक्त आगीकडे पाहण्याची ही सवय जुनी आहे. पेट्रोलियमचा आपला मूळ कायदा 1934 चा, आणि त्याचा रोख स्फोट व आग टाळण्यावर. अमेरिकेत 1984 मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी वेगळी तरतूद झाली, 1988 मध्ये नियम आले आणि गंजण्यापासून संरक्षण नसलेल्या जुन्या पोलादी टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला डिसेंबर 1998 पर्यंत मुदत दिली गेली. मुदत संपेपर्यंत तिथे दूषित जागांची रांग लागली होती. आपल्याकडे तशी एका तारखेला बांधलेली मोहीम झाली नाही.

नवी मुंबईची आखणी 1970 पासूनची. वाशीसारख्या नोडचा (आखणीतल्या उपनगराचा) बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून उभा राहिला. अशा जमिनीत पाणी फार खोल नसते, आणि खाडीलगत ते भरती-ओहोटीबरोबर हलते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. ते पाण्यावर तरंगते आणि पाणी वरखाली होईल तसे मातीला लागत जाते. पावसाळ्यात पातळी चढली की तरंगणारा थर मातीच्या कणांत अडकतो आणि तपासणीच्या विहिरीत दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा दिसू लागतो. म्हणून ऑगस्टमधल्या एका नमुन्यावरून जागा स्वच्छ ठरवू नये. घोडबंदर रोडच्या बाजूला कातळ आहे. तिथे पाणी भेगांतून धावते आणि पट्टा कुठे निघेल याचा अंदाज बांधणे आणखी कठीण.

गळतीची पहिली खूण पंपावरच मिळते. सकाळी डीप रॉडच्या (साठा मोजायच्या काठीच्या) टोकाला वॉटर पेस्ट लावून ती टाकीत सोडतात. तळाला पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात पाणी वारंवार सापडत असेल तर झाकणाची फट तपासावी, आणि टाकीही. जिथून पाणी आत येते तिथून इंधन बाहेरही जाऊ शकते. बारीक गळती मात्र साठ्याच्या हिशेबात लपते. 10,000 लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले तरी घनफळ सुमारे 10 लिटरने बदलते. रोजची थोडी तूट उष्णतेच्या आणि बाष्पीभवनाच्या खात्यावर टाकणे सोपे असते.

प्रमाण लक्षात यावे म्हणून हे गणित. सध्याच्या पेट्रोलमध्ये बेंझिन हे कर्करोगाला कारण ठरणारे द्रव्य 1 टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे लिटरमागे 8 ते 9 ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन 8 लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकते. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. 2022 मध्ये मिश्रण 10 टक्क्यांवर पोचले, 2025 मध्ये 20 वर. मातीतले जिवाणू इथेनॉल आधी खातात, प्राणवायू तिथेच संपतो आणि बेंझिन जास्त लांब वाहत जाते.

स्वच्छतेचे मार्ग माहीत आहेत: भिजलेली माती उपसून नेणे, मातीतली वाफ पंपाने ओढणे, पाण्यात हवा सोडणे, जिवाणूंना पोषण देणे. उपसा करून पाणी शुद्ध करण्याची पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत रेंगाळणारी, कारण मातीला चिकटलेले इंधन वर्षानुवर्षे पाझरत राहते. चालू पंपावर खोदकाम म्हणजे विक्री बंद, त्यामुळे तिथे जागच्या जागी करायच्या उपायांकडे कल असतो.

जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित झाले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, प्राथमिक पाहणी 90 दिवसांत आणि सविस्तर सर्वेक्षण त्यापुढच्या तीन महिन्यांत व्हायचे. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. स्वच्छता कधी पूर्ण करायची याची मुदत त्यात नाही. नवी मुंबईत प्यायला मोरबे धरणाचे पाणी येते, बोअरवेल फ्लशला आणि बागेला. अशा पाण्याची बेंझिनसाठी तपासणी कोणी सहसा करून घेत नाही, आणि अहवाल नसेल तर जागा संशयितांच्या यादीत जाण्याचे कारणच उरत नाही.