जुन्या स्पोर्ट्स कारचं अंडरकोटिंग आणि गंजाचं काम: गाडी सोडण्याआधी वाचून घ्या

एमजीबी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर, स्टँडर्ड हेरल्ड अशा गाड्या जपणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. "अंडरकोटिंगचे किती होतील?" असा फोन आला की आम्ही लगेच आकडा सांगत नाही. गाडी रॅम्पवर चढवून, कार्पेट उचलून, पत्रा ठोकून बघितल्याशिवाय सांगितलेला आकडा अंदाजपंचेच असतो. खाली काळाकुळकुळीत थर दिसला की मालक निर्धास्त होतो, पण आम्हाला धास्ती वाटते ती त्याच थराची. डांबरी अंडरकोट काही वर्षांत वाळून कडक होतो, कडेला सुटतो आणि त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही. वरून थर शाबूत आणि आतून पत्रा कुजलेला, अशी स्थिती होते.

गंज कुठून लागतो

या गाड्यांत गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. दाराखालची लांब पोकळ पेटी, म्हणजे सिल, दोन पत्रे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्ड केलेले जोड, मडगार्डच्या आतल्या कपारी, या ठिकाणी कारखान्यातून आलेला रंग आतल्या बाजूला नावापुरताच असतो. बाहेर रंगाला तांदळाएवढा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा अर्धा खाल्लेला असतो.

गगनबावडा, आंबा किंवा फोंडा घाट उतरून कोकणात जाऊन आलेली गाडी जांभ्याचा लाल चिखल पोटात घेऊन येते. तो वरून सुकतो, पण आत ओल धरून ठेवतो. त्यात किनाऱ्यावरचं मीठ मिसळलं की मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि पाऊस नसतानाही त्या जागेचा पत्रा पुरता कोरडा होत नाही.

कोल्हापूरच्या 2019 किंवा 2021 च्या महापुरात गाडी पाण्यात उभी होती का, हे गाडी सोडताना आवर्जून सांगा. पुराचं पाणी ओसरतं, पण सिलमध्ये शिरलेला गाळ तिथेच बसतो. त्यावर वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारलं तर आपण ओल्या गाळावर झाकण घातल्यासारखं होतं. अशा गाडीच्या पोकळ्यांत आधी पाणी सोडून, खालच्या ड्रेन होलमधून नितळ पाणी येईपर्यंत धुवावं लागतं. मग गरम हवेवर दोन-तीन दिवस वाळवायचं आणि त्यानंतरच बाकीचं काम.

मॉडेलप्रमाणे दुखणी ठरलेली आहेत. एमजीबीला (1962 ते 1980) वेगळी चासी नाही. गाडीचा कणा म्हणजे तिचे सिल, त्यामुळे ते कुजले की दार बसेनासं होतं. 1974 पर्यंतच्या एमजीबीत सीटच्या मागे, खालच्या खणांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. तिथे ॲसिड सांडून खणाचा तळ जातो आणि वरून कार्पेट असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. स्पिटफायरची चासी हेरल्डच्या चासीवरूनच, पण आखूड करून आणि कडेच्या पट्ट्या काढून बनवली आहे. म्हणून हेरल्डमध्ये सिल फारसा भार घेत नाहीत, स्पिटफायरमध्ये मात्र घेतात. हेरल्डमध्ये चासीचे बाहेर आलेले हात, विशेषतः डिकीखालचे, आधी तपासा.

तपासणी

गाडी रॅम्पवर घेतल्यावर आम्ही छोट्या हातोडीने पत्रा ठोकत जातो. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, कुजलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. शंका आलेल्या ठिकाणी लोहचुंबक लावतो: पुट्टी असेल तर तो धरत नाही. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघतो. भोक पडलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते भोक आधीच होतं, फक्त डांबराने झाकलेलं होतं. प्रत्येक जागेचा फोटो काढून तुम्हाला दाखवतो आणि खर्चाचा कागद त्यावरून लेखी देतो.

जुना थर आणि गंज काढणं

एक्झॉस्ट, पेट्रोलची टाकी आणि पोटाखालच्या ब्रेकच्या नळ्या काढून ठेवतो. डांबर हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडतो, राहिलेलं थिनरच्या फडक्याने पुसतो. नुसता वायर ब्रश फिरवला तर गंज चकाकतो आणि पत्रा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. खड्ड्यांतला गंज मात्र तसाच राहतो. म्हणून पॉलिश पेपर किंवा ब्लास्टिंगने (हवेच्या जोराने बारीक कण मारून) पत्रा करडा-पांढरा होईपर्यंत नेतो.

ब्लास्टिंगबद्दल एक सावधगिरी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ब्लास्टिंगची सोय भरपूर आहे, पण तिथला हात फौंड्रीच्या कास्टिंगला सरावलेला असतो. जाड लोखंडी छर्रे जोराच्या हवेने पातळ पत्र्यावर मारले की पत्रा ताणला जातो, लाटा येतात आणि त्या परत बसत नाहीत. चासी, सस्पेन्शनचे हात, ब्रॅकेट खुशाल पाठवा. बॉडीचा पत्रा कधीही पाठवू नका.

कपारीतल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल लावतो, पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवतो, घासतो, भरपूर पाण्याने धुतो आणि लगेच गरम हवा देतो. आम्ल राहून गेलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रा निघतो. काही जण बाथरूमचं ॲसिड वापरतात. ते अजिबात नको. त्यातलं क्लोराइड जोडांत राहतं आणि गंज पुन्हा उसळतो. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली हत्यारंसुद्धा गंजतात.

बिजागऱ्या, क्लॅम्प, स्प्रिंगच्या प्लेट असे सुटे लोखंडी भाग मोलॅसिसच्या (साखर कारखान्यातल्या मळीच्या) पाण्यात ठेवले तर गंज हळूहळू सुटतो. प्रमाण एक भाग मोलॅसिस, नऊ ते दहा भाग पाणी. प्लास्टिकच्या पिंपात एक ते तीन आठवडे लागतात, वास येतो, पण चांगलं लोखंड फारसं खाल्लं जात नाही. ॲल्युमिनियम किंवा जस्त चढवलेला भाग त्यात टाकला तर तो वाया गेला.

पत्रा बदलणं

छिद्र पडलेल्या जागी फायबर किंवा पुट्टी भरत नाही. कुजलेला भाग कापून, सिलसाठी 18 गेज (सुमारे 1.2 मिमी) आणि फ्लोअरसाठी 20 गेज (सुमारे 0.9 मिमी) पत्रा सीओटू वेल्डिंगने बसवतो. उघड्या छपराच्या गाडीचा सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी ठोकून गाडी पक्की करतो आणि दाराची फट दोन्ही टोकांना मोजून लिहून ठेवतो. हे न करता कापलं तर गाडी मध्यावर खचते, दार घासतं, आणि नंतर नवा पत्राही वाकडाच बसतो. एकमेकांवर चढणाऱ्या पत्र्यांत वेल्डिंगआधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारतो, कारण जोडल्यावर आत पोचता येत नाही.

कागदपत्रांची बाजूही बघा. 2021 पासूनच्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला असेल तर ती त्यात बसत नाही. म्हणून आम्ही पत्र्याचा आकार आणि जोड मूळचेच ठेवतो, आणि चासी नंबरवर कोणताही थर चढू देत नाही.

रंगाचे थर

उघडा पत्रा पावसाळ्यात काही तासांत नारिंगी होतो. म्हणून साफ केलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर चढतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी जास्त असावं लागतं. जुलैत हवा 26 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू सुमारे 23.3 अंशांवर येतो. म्हणजे पत्रा 26.3 च्या वर हवा, हवेपेक्षा थोडा गरमच. तसं नसेल तर डोळ्याला न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो आणि पुढे फोड येतात. जून ते सप्टेंबर आम्ही हे काम फक्त बंद खोलीत, हीटर लावून करतो आणि त्याला जास्त दिवस लागतात. घाई नसेल तर गाडी दिवाळीनंतर आणा.

पहिला थर दोन-घटकी इपॉक्सी प्रायमरचा. दोन हात, वाळून एकूण 80 ते 100 मायक्रॉन. "रेड ऑक्साइड मारून द्या" असा आग्रह होतो. साधा रेड ऑक्साइड सच्छिद्र असतो, पाणी आत जाऊ देतो आणि खडी लागली की टवके उडतात. गेटच्या गजांना तो चालतो, गाडीच्या पोटाला नाही.

इपॉक्सीवर जोडांत पॉलीयुरेथेन सीलर भरतो. सीलर आधी आणि प्रायमर नंतर, असा उलटा क्रम झाला तर सीलर उघड्या पत्र्याला चिकटतो, आणि तो सुटला की त्याखाली थेट गंज. मडगार्डच्या आत आणि चाकासमोरच्या भागात रबरी स्टोनचिप (खडीचा मार सोसणारा जाड थर), 300 ते 500 मायक्रॉन. बाकी पोटाला आम्ही स्टोनचिप मारत नाही: जाड थराखाली काय चाललंय ते कळत नाही. त्याऐवजी गाडीच्या रंगाचा किंवा फिकट करड्या रंगाचा टॉपकोट आणि वर पारदर्शक वॅक्स. पुढे गंजाचा ठिपका आला तर टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतो. काळं पोट छान दिसतं हे मान्य, पण निवड तुम्ही करणार असाल तर आमचं मत फिकट रंगाच्या बाजूने आहे.

पोकळीतलं वॅक्स

सगळ्या कामात खरा जीव याच्यात आहे, आणि स्वस्तातल्या कामात नेमकं हेच गाळलं जातं. एक ते सव्वा मीटर लांब नळी, टोकाला चहूकडे फवारणारं नोझल. नळी पोकळीच्या शेवटापर्यंत घालून, वॅक्स सोडत हळूहळू मागे ओढायची. आधी कारखान्याची भोकं आणि रबरी बुचं वापरतो. नाइलाज झाला तर 10 मिमीचं भोक पाडून, कडेला प्रायमर लावून रबरी बूच बसवतो. छोट्या स्पोर्ट्स कारला पोकळ्यांसाठी 3 ते 4 लिटर वॅक्स लागतं. वॅक्स मारून झाल्यावर प्रत्येक ड्रेन होल तारेने मोकळं करतो. एक होल बुजलं तरी सिल पाण्याची टाकी होते.

वॅक्सचं काम वेल्डिंग आणि रंगानंतरच. त्यापुढे कधीही कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर त्या मिस्त्रीला पोकळीत वॅक्स आहे हे सांगा. ते पेट घेतं.

काय झाकत नाही

सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, प्रोपेलर शाफ्ट (थर असमान बसला तर तोल जाऊन हादरे येतात), रबरी बुश, ब्रेकचे होज आणि हँडब्रेकची केबल. पोटाला जळकं ऑइल फासायची जुनी पद्धत याच कारणाने सोडून द्या: रबर फुगतं, धूळ चिकटते, आणि ब्रेकवर गेलं तर गाडी थांबत नाही.

गाडी घरी नेल्यावर

पहिले काही दिवस वॅक्स ठिबकेल, खाली पुठ्ठा टाका. एक्झॉस्ट तापल्यावर थोडा वास येईल. दोन आठवडे खालून पाणी मारू नका. त्यानंतर घाट किंवा कोकण करून आलात की बागेच्या पाइपने, साध्या दाबाने मडगार्डच्या कपारी धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जोडांवर रोखू नका, सीलर उचलला जातो.

मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाडी ठेवू नका, खालून ओल चढते. कोबा किंवा फरशी चांगली. प्लास्टिकच्या कव्हरखाली घाम धरतो, सुती कव्हर घाला. पावसात गाडी बाहेर काढली असेल तर कार्पेट उचलून खालचं तागाचं अस्तर हाताने दाबून बघा. ओलं लागलं तर कार्पेट बाहेर काढून वाळवा.

दरवर्षी मे महिन्यात ड्रेन होल तारेने मोकळी करा आणि ऑक्टोबरमध्ये गाडी रॅम्पवर दाखवा. मडगार्डमध्ये वॅक्स धुऊन गेलं असेल तिथे पुन्हा हात मारावा लागतो. पोकळीतलं वॅक्स साधारण तीन वर्षांनी बूच काढून तपासतो, आणि कमी वाटलं तरच भरतो.