शॉकअपचे पाइप पाठवताना टीसुद्धा पाठवा
मोटरसायकल मालक आणि गॅरेजवाल्यांसाठी माहितीपत्रक

समोरच्या शॉकअपचे दोन पाइप पोत्यात बांधून येतात. सोबत चिठ्ठी असते: ‘आउट काढा, आणि पुन्हा वाकणार नाहीत असे मजबूत करून द्या.’ आम्ही आउट, म्हणजे बाक, काढतो आणि पाइप सरळ करून पाठवतो. आठ-पंधरा दिवसांनी फोन येतो की गाडी अजून डावीकडे ओढते किंवा एका बाजूचं ऑइल सील पुन्हा गळायला लागलं. मग टी, म्हणजे दोन्ही पाइप एकत्र धरणारा खालचा जोड, मागवायची, पाइप परत मागवायचे, सगळी जोडणी दुसऱ्यांदा खोलायची. गाडी आठवडाभर उभी राहते आणि मजुरी दोनदा पडते. अशा बहुतेक कामांत दोष टीमध्ये असतो, आणि टी आमच्याकडे आलेलीच नसते.

टी वाकलेली डोळ्यांना का दिसत नाही

चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर आदळलं की ते मागे ढकललं जातं. पाइप लांब असल्यामुळे त्याचा जोर खालच्या टीपाशी सर्वांत जास्त येतो. म्हणून पाइप जवळजवळ नेहमी टीच्या लगेच खाली वाकतो आणि तो बाक कोणालाही दिसतो. पण तोच धक्का टीच्या दोन कानांना (पाइप धरणाऱ्या बाजूंना) आणि चेसिसच्या हेड पाइपात फिरणाऱ्या मधल्या दांड्यालाही बसलेला असतो. तिथला फरक एखाद्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नजरेतून सुटतो.

त्या एका मिलिमीटरचं काय होतं ते पाहा. हँडलखालचा ब्रिज (पाइपांची वरची टोकं धरणारा जोड) आणि खालची टी यांच्यात १८० मिमी अंतर आहे आणि टीपासून ॲक्सल ५०० मिमी खाली आहे असं धरू. टीचा एक कान १ मिमी पुढे गेला असेल, तर त्या बाजूचा पाइप ॲक्सलपाशी जवळजवळ ४ मिमी पुढे जातो. ॲक्सल ठोकून बसवावा लागतो, चाक तिरकं राहतं, पाइप बॉटममध्ये (ज्या खालच्या नळीत तो सरकतो तिच्यात) एका अंगाने घासतो आणि सील त्याच बाजूने झिजतं. नवाकोरा पाइप टाकला तरी हेच होणार.

दांडा वाकल्याची खूण वेगळी आहे. पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एका जागी जड आणि दुसऱ्या जागी मोकळं लागत असेल तर दांडा आउट असण्याची शक्यता मोठी. बरोबर मध्यावर ‘टक’ करून अडकत असेल तर कोनसेटच्या (दांड्याच्या बेअरिंगच्या) वाट्यांत गोळ्यांचे खड्डे पडलेत. दोन्ही गोष्टी एकदम असू शकतात. दांडा तसाच ठेवून नवा कोनसेट टाकलात तर तोही लवकर जातो.

आधी घरीच हे करून पाहा

गाडी नुसती आडवी पडली असेल तर अनेकदा काहीच वाकलेलं नसतं, पाइप फक्त टीमध्ये पिळलेले असतात. ॲक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, टीचे आणि वरच्या ब्रिजचे बोल्ट सैल करा. काढू नका. चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा. मग ॲक्सलचा नट आवळा, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा जोरात दाबा. त्यानंतर टीचे, मग ब्रिजचे आणि शेवटी मडगार्डचे बोल्ट. एवढ्याने हँडल सरळ झालं आणि शॉकअप मोकळा चालला तर आमच्याकडे येऊ नका, पैसे वाचवा.

तरीही शंका राहिली तर चाक, मडगार्ड काढा आणि ६ मिमी जाडीच्या सपाट काचेचा तुकडा दोन्ही पाइपांवर, टीच्या खाली, आडवा टेकवा. चारही ठिकाणी काच टेकली पाहिजे. कोपऱ्यावर दाबल्यावर ती डुगडुगली तर पाइप एकमेकांना समांतर नाहीत. पाइप वाकला आहे की टी, हे काच सांगत नाही. त्यासाठी सेट आमच्याकडे आणा.

आम्ही काय मोजतो

पाइप व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून फिरवतो आणि डायल गेज (काट्याचं मापयंत्र) लावतो. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाइपाच्या बाकाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. पाइपाच्या पूर्ण फेरीत डायलचा काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मा प्रत्यक्ष बाक असतो. म्हणजे काटा ०.४ हलला तर बाक ०.२. लेथवाल्याने सांगितलेला आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही तो बहुधा या निम्म्यामुळे. टीमध्ये आम्ही घासून अचूक केलेले सरळ मास्टर रॉड बसवतो आणि त्यांच्यातलं अंतर वर-खाली मोजतो. ॲक्सलही तसाच फिरवून पाहतो. वाकलेला ॲक्सल आम्ही सरळ करत नाही, नवा घ्यायला लावतो. एवढ्या स्वस्त भागासाठी जिवाशी खेळ नको.

पाइप हायड्रॉलिक प्रेसवर थंडच सरळ करतो, थोडा थोडा दाब देऊन, पाइपाच्या गोलाईच्या खाचेच्या ठोकळ्यांवर. लोखंड दाब सोडला की थोडं मागे येतं, म्हणून दर वेळी किंचित जास्त वाकवून पुन्हा मोजावं लागतं. याला वेळ लागतो. ‘अर्ध्या तासात गॅस मारून देतात’ असं ग्राहक सांगतात ते खरं आहे. पण लाल होईपर्यंत तापवलेल्या पाइपाची ताकद त्या जागी उतरते, क्रोम काळवंडून उडतो आणि पुढच्या खड्ड्यात पाइप तिथेच वाकतो. गॅस मारलेला पाइप आम्ही कामाला घेत नाही. बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती आलेला, नख अडकेल इतका क्रोम तडकलेला किंवा आधी एकदा सरळ केलेला पाइपही घेत नाही. ॲल्युमिनियमची टी तर कधीच सरळ करत नाही. ती बाहेरून सरळ दिसते आणि आतून तडकते.

‘मजबूत करून द्या’ याबद्दल

टीला पट्ट्या वेल्ड करणं, दांड्यात भरीव सळई ठोकणं, जाड पाइप टाकणं, ही तिन्ही कामं आम्हाला दर आठवड्याला सांगितली जातात.

वेल्डिंगच्या उष्णतेने टीचे कान ओढले जातात आणि पाइपाची भोकं अंडाकृती होतात, म्हणजे ज्यासाठी टी पाठवली तोच दोष आपण पैसे देऊन बनवून घेतो. सळईचा हिशेब असा: बाहेरून २६ आणि आतून १८ मिमी असलेल्या पोकळ दांड्यात भरीव दांड्याच्या सुमारे ७७ टक्के ताकद आधीच असते. आत सळई भरून वाढते ती सुमारे ३० टक्के, वजन मात्र जवळपास दुप्पट होतं. शिवाय सळई जिथे संपते तिथे कडकपणा एकदम बदलतो आणि दांडा पुढच्या वेळी नेमका तिथे वाकतो.

जाड पाइपाने फरक पडतो हे खरं. भिंतीची जाडी तीच ठेवून ३१ ऐवजी ३७ मिमीचा पाइप घेतला तर वाकवायला सुमारे १.४ ते १.५ पट जोर लागतो. पण मग तो धक्का चेसिसच्या हेड पाइपावर जातो. पाइप बदलता येतो. हेड पाइप वाकला तर चेसिसच गेली, आणि बहुतेक गाड्यांचा चेसिस नंबर तिथेच कोरलेला असतो, त्यामुळे तिथे गॅस किंवा ग्राइंडर लावणं म्हणजे आरटीओच्या भानगडीला आमंत्रण. कंपनीच्या रचनेत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये निर्बंधही आहेत.

दोन्ही बॉटम जोडणारी कमान लावल्यास पिळ कमी होतो, वळणावर हँडल नेमकं वाटतं. समोरून बसणाऱ्या धक्क्यात तिचा उपयोग नाही. हवी असेल तर आम्ही बसवून देतो, पण वाकणं थांबेल म्हणून घेऊ नका.

पाइप खरोखर वाचतो तो ऑइल आणि स्प्रिंगमुळे. तेल कमी झालं, जुनं पातळ झालं किंवा स्प्रिंग बसली की शॉकअप तळाला आपटतो आणि सगळा धक्का थेट पाइप-टीवर येतो. वाकलेल्या सेटपैकी बऱ्याच सेटमध्ये तेल नावालाच उरलेलं सापडतं. दोन्ही पायांत कंपनीच्या ग्रेडचं फोर्क ऑइल सारखं भरलं पाहिजे. मापाच्या भांड्यावर थांबू नका. स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून वरून तेलापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. इंजिन ऑइल ओतू नका. टीचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. जास्त आवळले तर कान तडकतो, कमी आवळले तर पाइप पुन्हा पिळतो. माल वाहणाऱ्या गाडीला मापाचा टेपर रोलर कोनसेट मिळत असेल तर तो घ्या. गोळी एका बिंदूवर टेकते, रोलर पूर्ण रेषेवर, त्यामुळे वाट्यांत खड्डे पडायला वेळ लागतो. आमच्याकडे चालू मॉडेलांचे संच आणि ऑइल असतं, सेटसोबत सांगितलंत तर बसवूनच देतो.

पाठवताना

दोन्ही पाइप, टी दांड्यासकट, वरचा ब्रिज आणि ॲक्सल, हे सगळं एकाच गाडीचं, एकत्र पाठवा. पाइप टीमधून काढले नसतील तर आणखी चांगलं, कारण वाकलेल्या अवस्थेत मोजल्यावर धक्का कुठून आला ते कळतं. क्रोमवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, नुसत्या पोत्यात पाइप एकमेकांवर आपटून टवके उडतात. आतलं तेल काढून टाका. चिठ्ठीवर मॉडेल, वर्ष, गाडी सोलो चालते की माल वाहते आणि याआधी कोणी आउट काढलं होतं का, एवढं लिहा. पूर्ण सेट आल्यावर बसवण्याच्या मापाची हमी आम्ही लेखी देतो; नुसत्या पाइपांवर ती देता येत नाही. रिम आउट वाटत असेल तर चाकही पाठवा. २ मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर स्पोकच्या रिमचं आउट काढतो, अलॉय असेल तर मोजून फक्त आकडा कळवतो.