दोन कागद, एक व्हायोलिन: स्वरलिपीची पार्श्वभूमी, नाशिकहून

नाशिकमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांपुढे आज दोन तऱ्हेचे कागद येतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्याच्या वहीत देवनागरीतले सा रे ग म, त्यांच्याखाली मात्रांचे, म्हणजे तालातल्या ठोक्यांचे, आकडे आणि तालाच्या खुणा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा मंडळांची ग्रेड देणाऱ्याच्या स्टँडवर पाच रेघांचं छापील स्टाफ नोटेशन, गज कुठे वर कुठे खाली याच्या खुणा, बोटांचे आकडे. वाद्य तेच, तारा चारच. पण पहिला मांडी घालून वाजवतो आणि तारा वेगळ्या मिळवतो, दुसरा उभं राहून.

फरक दुकानातही दिसतो. पाश्चात्त्य संगीताच्या छापील कागदांत एकट्या बासरीसाठी, दोन व्हायोलिनांसाठी, चार तंतुवाद्यांच्या क्वार्टेटसाठी, पितळी वाद्यांच्या पंचकासाठी, पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी असे वेगवेगळे संच मिळतात. आपल्याकडे ‘सतार, बासरी आणि तबला यांच्यासाठी राग यमन’ असा संच कुणी मागत नाही आणि कुणी छापतही नाही. आपली परंपरा मौखिक, म्हणून असं घडलं, हे उत्तर नेहमी दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लिहिणं आपल्याकडे फार जुनं आहे, फक्त ते मंचासाठी नव्हतं. आधी ते ग्रंथासाठी होतं, मग वर्गासाठी झालं.

सामवेदाच्या छापील संहितेत अक्षरांच्या डोक्यावर आकडे असतात, तेही स्वरांचेच. तामिळनाडूतल्या कुडुमियामलै इथल्या खडकावर साधारण सातव्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात सात रागांच्या स्वरावली कोरलेल्या आहेत. आणि आपल्या घराजवळचं उदाहरण म्हणजे तेराव्या शतकातला शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’. तो देवगिरीच्या यादवांच्या पदरी लिहिला गेला, आणि या यादवांचं आधीचं ठाणं सिन्नर, म्हणजे नाशिक जिल्ह्यातलंच. शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते आणि तो स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्यावर होता. ग्रंथात स्वराक्षरांनी लिहिलेल्या रचना आहेत. पण त्या समोर ठेवून वाजवायच्या म्हणून लिहिलेल्या नाहीत. शास्त्र सांगताना दाखला हवा, एवढंच त्यांचं काम.

युरोपात गरजच वेगळी होती. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन साधूने रेघांवर स्वर बसवण्याची रीत पक्की केली. हेतू असा की चर्चमधल्या गायकांना न ऐकलेलं गाणंही कागदावरून म्हणता यावं. पुढे एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गाण्याची पद्धत वाढली आणि मग कागदाशिवाय चालेना, कारण आपली ओळ शेजाऱ्याच्या ओळीशी कुठे जुळते हे कानाने धरणं अवघड. 1501 मध्ये व्हेनिसला ओत्ताव्यानो पेत्रुचीने जुळवलेल्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या ठशांनी, अशा बहुस्वरी गाण्यांचं पुस्तक छापलं. त्याच्या पद्धतीत एकच पान यंत्राखालून पुन्हा पुन्हा काढावं लागे: रेघा वेगळ्या, स्वर वेगळे, शब्द वेगळे. नंतर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापणं आलं. 1796 च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर या जर्मन नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. त्या खटपटीत त्याने दगडावरून छापण्याची युक्ती शोधली, आणि तिचा सुरुवातीचा मोठा उपयोग झाला तो संगीताच्या पानांसाठी. तीच शिळाछाप पुढे मुंबईत आली आणि गणपत कृष्णाजींसारख्यांनी तिच्यावर मराठी पुस्तकं काढली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे स्वरलिपीची धांदल सुरू झाली. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी आणि शौरींद्रमोहन ठाकूर यांनी दंडमात्रिक लिपी (मात्रा उभ्या दंडाने दाखवणारी) चालवली. गोस्वामींनी तर एकत्र वाजवायच्या वाद्यवृंदासाठीही स्वरलिपी लिहिली, म्हणजे मंचासाठी कागद हा विचार इथे अगदीच नव्हता असं नाही. बडोद्यात मौलाबक्षांनी आपली लिपी काढली आणि सयाजीरावांच्या गायनशाळेत ती शिकवली. पुण्यात 1874 मध्ये गायन समाज निघाला. यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक बोच होती: साहेबाकडे लिहिलेलं संगीत आहे, आपल्याकडे नाही, म्हणून तो आपल्याला कच्चे समजतो. लिपी काढण्यामागे कलेची गरज किती आणि ही बोच किती, हे वेगळं करणं कठीण आहे. माझ्या मते बोच जास्त होती.

नाशिकशी थेट नातं जुळतं ते विष्णु दिगंबर पलुसकरांमुळे. जन्म 1872, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी अधू झाली, म्हणून शाळेचा रस्ता सुटला आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. ज्याला वाचायला त्रास होत होता त्याच माणसाने पुढे संगीताच्या छपाईवर सगळी भिस्त ठेवली. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं, 1908 मध्ये मुंबईची शाखा. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक होतं आणि इयत्तावार पुस्तकं होती. गुरूच्या घरी पाणी भरत, मर्जी सांभाळत शिकण्याऐवजी फी भरून, ठरल्या वेळी, ठरल्या अभ्यासक्रमाने शिकायचं, तर सगळ्यांच्या हातात सारखा कागद हवा. पलुसकरांची लिपी ही त्या शाळेची गरज होती.

लिपी बारीक कामाची होती. प्रत्येक स्वराखाली तो किती मात्रा टिकतो याची खूण: चार मात्रांना ×, दोनला ऽ, एकीला आडवी रेघ, अर्धीला ०, पाव मात्रेला वाटीसारखी कमान. सम (तालाची पहिली मात्रा) दाखवायला 1 आणि ‘खाली’ला (तालातल्या टाळी नसलेल्या जागेला) +. मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वरावर टिंब, तार (वरच्या) सप्तकातल्या स्वरावर उभी रेघ. लयीचा हिशेब त्यात काटेकोर बसतो. पण असं पान खिळे जुळवून छापायचं म्हणजे कंपोझिटरची परीक्षाच. एकेका स्वराच्या वर, खाली आणि त्याखाली असे तीन थर लावायचे.

मुंबईची इमारत कर्जात बुडाली आणि लिलावात गेली. 1920 च्या दशकात पलुसकर नाशिकला पंचवटीत रामनाम आधाराश्रमात राहू लागले. तिथे रामायणाची प्रवचनं, भजन आणि काही शिष्यांची तालीम चाले. पुत्र दत्तात्रेय, म्हणजेच डी. व्ही. पलुसकर, यांचा जन्म 1921 चा, नाशिकचाच. एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. छापखाना चालवणाऱ्या या माणसाच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध चाल ‘रघुपति राघव’ची, आणि ती देशभर गेली ती तोंडोतोंडी. तिच्यासाठी कुणी पुस्तक उघडलं नसेल. 21 ऑगस्ट 1931 रोजी पलुसकर मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज नाशिकच्या क्लासमधून भरले जाणारे प्रवेशिका, मध्यमा, विशारदचे फॉर्म याच मंडळाचे.

पण आज वह्यांमध्ये जी लिपी सर्रास दिसते ती बहुधा पलुसकरांची नसते. ती विष्णु नारायण भातखंडे यांची असते. भातखंडे पेशाने वकील. 1884 पासून मुंबईच्या पारशी गायन उत्तेजक मंडळीत त्यांची ऊठबस होती. त्यांचं काम वकिली पद्धतीचं: गावोगाव जायचं, उस्तादांकडून बंदिशी (बांधलेल्या रचना, म्हणजेच चिजा) मिळवायच्या, पोथ्या ताडून पाहायच्या, सगळं नोंदवून ठेवायचं. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून जास्त बंदिशी आहेत. घराण्याबाहेर चीज न देण्याचा तो काळ लक्षात घेतला तर हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. अनेक खाँसाहेबांना हे आवडलं नव्हतं, आणि त्यांची बाजूही अगदी चुकीची नव्हती. चीज ही त्यांची मिळकत होती.

भातखंड्यांची लिपी सुटसुटीत. कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढलेल्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब. समेला ×, ‘खाली’ला ०, बाकी टाळ्यांना आकडे. एका मात्रेत दोन-चार स्वर आले तर खालून एक कमान. आता ही दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. वरचं टिंब पलुसकरांकडे मंद्र, भातखंड्यांकडे तार. × एकाकडे चार मात्रा, दुसऱ्याकडे सम. ० एकाकडे अर्धी मात्रा, दुसऱ्याकडे ‘खाली’. दोन विष्णूंनी एकाच काळात, एकाच मुंबईत काम करून एकमेकांच्या खुणांची इतकी उलटापालट करावी हे नवलच. दोन्ही स्वरलिपींची तुलना करा, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला, त्याचं मूळ इथे आहे.

भातखंडे पद्धत सरस ठरली याची कारणं कलेपेक्षा व्यवहारातली आहेत. ती छापायला स्वस्त, फळ्यावर लिहायला सोपी, आणि तिच्या मागे संस्था उभ्या राहिल्या: 1918 चं ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय, 1926 चं लखनौचं मॅरिस कॉलेज. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्यांची पुस्तकं हिंदीत काढली आणि उत्तर भारतभर पोहोचवली. लयीची बारकाई मात्र पलुसकरांकडे जास्त होती. ती गेली याचं मला थोडं वाईट वाटतं.

या दोन्ही लिप्या मुळात कंठसंगीतासाठी. वाद्यांनी आपापली भर घातली. सतारीच्या मसीतखानी गतीखाली (गत म्हणजे वाद्यावरची बांधलेली रचना) ‘दिर दा दिर दा रा दा दा रा’ असे मिजराबीचे, म्हणजे तार छेडायच्या नखीचे, बोल लिहितात आणि गत बाराव्या मात्रेपासून उचलतात. तबल्याचा तर सगळा कारभारच बोलांवर, सा-रे-गचा संबंध नाही. पण कागदावर येतं ते एवढंच: स्थायी, अंतरा, गत, कायदा. पाऊण तासाच्या ख्यालातलं छापील ते अर्धं पान, उरलेलं गाणाऱ्याचं. म्हणून छापील संचांची बाजारपेठ इथे कधी उभी राहिली नाही. विकायला अर्धं पानच होतं.

मग अनेकांनी एकत्र वाजवायचं तेव्हा काय केलं? सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं मैहर बँड 1918 च्या सुमाराचं, तिथे तोंडी तालमीनेच वाजवणं बसवलं जाई. आकाशवाणीने 1952 मध्ये दिल्लीत वाद्यवृंद काढला. मुंबईच्या सिनेमाने सरळ पाच रेघांचा आधार घेतला. चाल संगीतकाराची, पण ती पन्नास व्हायोलिनांपर्यंत पोहोचवायची तर प्रत्येकासमोर स्वतंत्र पान हवं. ते लिहीत गोव्याचे वादक, चर्चच्या शाळेत सोल्फेजो (कागदावरचे स्वर वाचून म्हणणं) शिकून आलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली ठळक नावं. म्हणजे आपल्या सर्वांत लोकप्रिय संगीताचा मंचावरचा कागद परका आणि त्यातले राग आपले.

नाशिकमध्येही हे दोन्ही प्रकार कानावर पडतात. देवळाली, नाशिक रोड ही तोफखान्याची ठाणी, आणि लष्करी बँड स्टाफ नोटेशनवर चालतो. तिथे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला ‘बी फ्लॅट’चं वेगळं पान लागतं, कारण वादकाने वाचलेला स्वर आणि वाद्यातून निघणारा स्वर यांत एका पूर्ण स्वराचं अंतर पडतं. आपल्या लिपीत ही भानगडच नाही, सा कुठेही धरता येतो. आणि मिरवणुकीतला नाशिक ढोल? शेकडो हात एका ठोक्यावर येतात, कागदाचा कपटाही नाही. तालीम बोलांची आणि पुढच्याच्या हाताकडे बघण्याची.

कागदाचं महत्त्व कायद्याने मात्र फार दिवस मानलं. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात सांगीतिक कृतीची व्याख्या अशी होती की ती छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांनी उतरवलेली असावी. ज्या देशात बहुतेक रचना गळ्यातच राहतात तिथे ही व्याख्या अजबच. 1994 च्या दुरुस्तीने लिहिण्याची अट गेली. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, हा आजचा नियम. पलुसकर आणि भातखंडे (मृत्यू 1936) यांची मूळ पुस्तकं केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहेत.

पाश्चात्त्य बाजूला अशा खुल्या कागदांचं आयएमएसएलपी हे मोठं डिजिटल ग्रंथालय 2006 मध्ये निघालं. व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाच्या नोटिशीमुळे 2007 मध्ये ते बंद पडलं आणि 2008 मध्ये पुन्हा सुरू झालं. नाशिकच्या चार मुलांना हायडनचं क्वार्टेट वाजवायचं असेल तर चारही पानं तिथून फुकट उतरवता येतात. देवनागरी स्वरलिपीचं घोडं संगणकाच्या दारात अडलेलं आहे. कोमल स्वराखालच्या रेघेला युनिकोडमधली वेदपाठाची अनुदात्ताची खूण चालते (रे॒, ग॒, ध॒), तीव्र मध्यमाला त्याच संचातली उभी रेघ (म॑). मात्रेखालची कमान, कणस्वर (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) यांना साध्या टंकनात जागा नाही. त्यासाठी खास फाँट लागतात, आणि ते एका फोनवर दिसतात तर दुसऱ्यावर चौकोन उमटतात. म्हणून बहुतेक शिक्षक हाताने लिहितात, वहीच्या पानाचा फोटो काढतात आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात.