अमेरिकेतल्या ग्रामीण रेसिडेन्सीसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि व्हिसा

शहरापासून लांब राहायला खोली, कामाला जागा, आणि काही आठवडे कोणी मध्ये डोकावणार नाही याची हमी, याला रेसिडेन्सी म्हणतात. न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल १९०७ पासून हे करतंय. तिथे दुपारचं जेवण टोपलीतून स्टुडिओच्या दाराशी ठेवून माणूस निघून जातो, दार वाजवत नाही. बहुतेक ठिकाणी लेखक, चित्रकार, संगीतकार अशा कलावंतांनाच प्रवेश असतो. संशोधकांसाठी दारं कमी, पण आहेत. ओरेगॉनमध्ये कॅस्केड हेडजवळचं सिटका सेंटर (स्थापना १९७०) आणि समर लेकच्या काठावरचं प्लाया इथे कलावंत आणि शास्त्रज्ञ दोघेही अर्ज करू शकतात. कॅलिफोर्नियातलं जेरासी केंद्र तर गर्भनिरोधक गोळीवर काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञाने, कार्ल जेरासी यांनी, १९७९ मध्ये काढलं. तिथे कलावंत आणि वैज्ञानिकांना एकत्र बोलावणारी सत्रं २०१४ पासून झाली आहेत.

आता पात्रता. इथे सर्वाधिक गोंधळ होतो. काही केंद्रांत ‘आर्टिस्ट्स ऑफ कलर’, म्हणजे श्वेतेतर कलावंतांसाठी, जागा किंवा फेलोशिप असतात. भारतीय माणूस त्यात बसतो. त्यासाठी जातीच्या दाखल्यासारखा कागद सहसा मागत नाहीत, अर्जात स्वतः नोंद करायची. पण काही फेलोशिपसाठी अमेरिकेत राहत असण्याची वेगळी अट असते. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मुलीला जी लागू होईल, ती साताऱ्याहून अर्ज करणाऱ्याला लागू होईलच असं नाही. ‘कोण’ आणि ‘कुठे राहणारा’ या दोन अटी वेगवेगळ्या वाचा.

शिवाय या अटींची भाषा अलीकडे बदलते आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंश हा निकष धरण्याला मनाई केली. जून २०२४ मध्ये फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेच्या प्रकरणात एका अपील न्यायालयाने केवळ कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीची २०,००० डॉलरची अनुदान स्पर्धा थांबवली. आधार होता १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो करारात वंशावरून भेद करू देत नाही. त्यामुळे ‘फक्त अमुक समाजासाठी’ ऐवजी ‘अमुक अनुभव असलेल्यांना प्रोत्साहन’ अशा ओळी आता दिसतात. तिथे नुसती चौकट भरून भागत नाही, तुमच्या कामात तो अनुभव कुठे आहे ते निवेदनात लिहावं लागतं. म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, अर्जांसाठीचं चालू वर्षाचं आवाहन वाचा.

अर्ज ऑनलाइन असतो, अनेकदा स्लाइडरूम किंवा सबमिटेबल या अर्ज स्वीकारणाऱ्या संकेतस्थळांवर. बायोडेटा, कामाचे नमुने, आपल्या कामाबद्दलचं निवेदन, तिथे काय करणार याचा आराखडा, आणि शिफारस देणाऱ्यांची नावं. मराठीत लिहिणाऱ्यांनी मूळ मजकुरासोबत इंग्रजी अनुवाद जोडावा, आणि तो घाईत केलेला नसावा, कारण निवड समिती तोच वाचणार. संशोधकांनी शोधनिबंधांची यादी डकवू नये. प्रयोगशाळा नसलेल्या जागी तुम्ही काय करणार, हा खरा प्रश्न आहे: आकडेवारीचं लेखन, पाणथळ जागेचं निरीक्षण की पुस्तकाचं प्रकरण? मुदतीची वेळही नीट बघा. पॅसिफिक वेळेनुसार रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १२.२९, हिवाळ्यात १.२९.

निवड झाली तरी भारतातून जाणाऱ्यांचं अर्धं काम बाकी असतं. चित्रं काढायला किंवा शिल्प करायला जाणारा, अमेरिकेतल्या कोणाचा कंत्राटी नसलेला आणि तिथे नियमित विक्री न करणारा कलावंत बी-१ व्हिसाच्या (कामानिमित्त तात्पुरत्या भेटीचा व्हिसा) चौकटीत बसू शकतो. संशोधकाने मात्र आपल्या कामाला कुठला व्हिसा लागेल हे संस्थेला आधी विचारावं. बी-१ साठी डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरायचा आणि १८५ डॉलर शुल्क, जे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. मुंबईत बोटांचे ठसे आणि मुलाखत यांची ठिकाणं वेगळी, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. निवडपत्र, संस्थेच्या लेटरहेडवर राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार याचा उल्लेख, आणि परत येण्याचं कारण दाखवणारी कागदपत्रं (नोकरीचं रजापत्र, घर, चालू प्रकल्प) सोबत ठेवा. नकार येतो तो बहुधा अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातल्या कलम २१४(ब) खाली, म्हणजे तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही म्हणून. तारखा मिळायला कधी कधी महिनोन् महिने लागतात. त्यामुळे रेसिडेन्सीचा महिना निवडण्याआधी मुलाखतीची प्रतीक्षा किती आहे ते पाहावं.

मानधनाबद्दल मात्र संस्थेला आधी लेखी विचारा, लाजू नका. बी-१ वर मानधन घेण्याची सवलत मुख्यतः विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांपुरती आहे, तीही एका ठिकाणी नऊ दिवसांपर्यंतच्या कामासाठी. फेलोशिप म्हणून पैसे देणार असतील, तर परदेशी व्यक्तीच्या रकमेतून ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. पैसे न देता फक्त राहण्या-जेवणाची सोय करणारी संस्था व्हिसाच्या बाबतीत कितीतरी सोपी पडते.

राहिला प्रवास. प्लाया बेंड शहरापासून गाडीने सुमारे दोन तासांवर, आणि वाटेत आपल्यासारखी एसटी नाही. न्यायला कोणी येईल का, नाहीतर गाडी चालवावी लागेल का, हे विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून मिळतो, त्यासाठी मूळ लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. व्हिसाची अट २०२१ मध्ये काढून टाकली, म्हणजे तो अर्ज व्हिसा हातात येण्याआधीही करता येतो.