समुद्रापारचा सण आणि पुण्याचा फराळ : पार्श्वभूमी

परदेशी गेलेल्या माणसाने तिथे काय खाल्ले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात आधी धर्माचा होता आणि मग चवीचा. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या त्या शाकाहार आणि लुगडे न सोडण्याचा निश्चय करूनच. 1886 मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यातच त्यांचे निधन झाले. पुढे तीनच वर्षांनी पुण्यातल्याच पंच हौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवल्याचा खटला आणि बहिष्कार, ओढवले. गावातल्या गावात घेतलेल्या चहाची ही कथा असेल, तर समुद्रापार शिजलेल्या अन्नाकडे हे शहर कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करता येते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 मध्ये स्थापन झाले. मात्र मराठी घरे मोठ्या संख्येने परदेशात थाटली गेली ती अमेरिकेने 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात आठ डॉलर घेऊन निघालेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या या पिढीला सणाचे साग्रसंगीत ताट मांडायचे, तर डावी-उजवी बाजू भरण्याइतके जिन्नसही मिळत नसत. त्यातून जो स्वयंपाक घडला तो मला या इतिहासाचा सर्वांत चवदार भाग वाटतो. बिस्क्विकच्या तयार पिठाचे गुलाबजाम, रिकोटा चीज आटवून केलेले पेढे, सावर क्रीममध्ये साखर आणि केशर घोटून केलेले पाडव्याचे श्रीखंड, राइस क्रिस्पीजचा चिवडा, आणि हरभऱ्याची डाळ नाही म्हणून पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण, हे सगळे पदार्थ त्या काळच्या घरांत रुळले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले आणि परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत त्याला हक्काची जागा मिळाली, कारण ‘अंदाजाने घाल’ असे सांगणारी आई किंवा सासू शेजारी नसताना वाटी-चमच्याचे नेमके प्रमाण हाच आधार होता. शिकागोत पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान 1974 मध्ये उघडले; अशी दुकाने वाढत गेली तशी डाळ, बेसन आणि पोह्यांची चणचण सरली.

तिथीचे मात्र काही करता येईना. मंगळवारी आलेले लक्ष्मीपूजन शनिवारी, शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन, चार घरांनी चार पदार्थ वाटून घेऊन साजरे होऊ लागले. असे मेळावे भरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये उभे राहिले.

सगळ्या सणांपैकी दिवाळीच तेवढी डब्यात घालून पाठवता आली, याचे कारण पदार्थातल्या पाण्यात आहे. चकली, शेव, शंकरपाळी, चिवडा यांत ओलावा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ते आठवडेच्या आठवडे टिकतात. पुरणपोळी दोन दिवसांत उतरते आणि उकडीचा मोदक तर त्याच दिवशी, तोही गरम असताना खावा. म्हणून गणपतीचे मोदक तिकडेच, थाई दुकानातली तांदळाची पिठी आणि गोठवलेला ओला नारळ आणून वळले जातात, आणि दिवाळीचा फराळ पुण्याहून जातो. परदेशात वाढलेल्या अनेक मुलांच्या मनात ‘सणाचे खाणे’ म्हटले की ताटापेक्षा हा डबाच येतो, याचे मला थोडे वाईट वाटते. वरण-भात, तूप, लिंबू, मसालेभात आणि अळूची भाजी या क्रमाला जी गोडी आहे ती पाकिटात मावत नाही.

अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने एच-1बी व्हिसा आला, पुढे हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, आणि पेठांतल्या व कोथरूडमधल्या घराघरांतून एक तरी मूल बाहेर गेले. ज्यांच्या आईला झेपेनासे झाले त्यांच्यासाठी गृहउद्योग चालवणाऱ्या बायका आणि मिठाईची दुकाने परदेशी ऑर्डरी घेऊ लागली. बांधणी हे यातले खरे कसब आहे. चकल्या उभ्या रचतात, मधल्या पोकळीत चिवडा दाबून भरतात म्हणजे त्या हलत नाहीत, आणि अनारसे शक्यतो वगळतात, कारण ते पोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो. काय पाठवता येईल हे त्या त्या देशाचे नियमही ठरवतात. ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठाईबाबत फार कडक आहे, आणि युरोपीय संघ भारतासारख्या देशांतून खासगी पार्सलने येणारे दुग्धजन्य पदार्थ स्वीकारत नाही, म्हणून पेढे-बर्फी यादीतून सहसा गळतात.

2025 मध्ये अडचण निराळीच आली. 800 डॉलरपर्यंतच्या आयातीला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टपासून काढून घेतली, आणि शुल्क कोणी व कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते 21 ऑक्टोबरला. तेव्हा टपालाने डबा पाठवणाऱ्यांना फार तर तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त गाठण्याची आशा उरली. नातेवाइकांना पाठवलेल्या 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट राहिली असल्यामुळे घरच्या फराळाचे एक-दोन किलो अजूनही शुल्काविना जाऊ शकतात. दुकानातून थेट विकत घेऊन पाठवलेल्या मालाचा हिशेब मात्र वेगळा आहे.