स्कोर १८ म्हणजे नेमकं काय? फुफ्फुस आणि बोनमॅरोची पार्श्वभूमी

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मधे नाशिकला कोणाची तब्येत विचारली की पहिला प्रश्न एकच, छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोर किती आला? कॉलेज रोड असो की सिडको, स्कॅन सेंटरच्या बाहेर लोक रिपोर्ट उघडून थेट शेवटची ओळ बघायचे, १८/२५, आणि तिथूनच बेडसाठी फोन लावायला सुरुवात. त्याचा अर्थ घरोघरी "७२ टक्के फुफ्फुस गेलं" असा लावला गेला, तो गैरसमज आजही भेटतो.

उजव्या फुफ्फुसाचे ३ भाग, डाव्याचे २, प्रत्येकाला ५ पैकी मार्क. पण मार्क स्कॅनवर सावली किती पसरली त्याचे, सावलीच्या आत काय झालंय त्याचे नाहीत. गंभीर व्हायरल न्यूमोनियात पहिल्या आठवड्यात हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी झिरपतं, अस्तर झडतं, मेलेल्या पेशी आणि प्रथिनांचा थर आतून चिकटतो, मायक्रोस्कोपच्या स्लाईडवर तो गुलाबी दिसतो, त्याला हायलाईन मेम्ब्रेन म्हणतात. मग दुरुस्ती सुरू होते, आणि काहींमधे शेवटी वण पडून फुफ्फुस कडक होतं. सुरुवातीचं बरंचसं भरून येतं, वण सहसा राहतो, आणि स्कोर मात्र दोघांचाही १८ येऊ शकतो!

हे कोविडने आणलेलं नाही. १९६७ ला १२ पेशंटवरून एआरडीएसचं, म्हणजे फुफ्फुस अचानक निकामी होऊन श्वास घेता न येण्याचं, वर्णन झालं, सार्स आणि २००९ च्या स्वाईन फ्लूतही हेच दिसलं.

मॅरोचं, म्हणजे हाडातल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं म्हणाल तर डेंग्यूत तो सुरुवातीला मंदावतो, प्लेटलेट पडण्याचं ते एक कारण. १९९७ च्या हाँगकाँगच्या बर्ड फ्लूत काही मृतांमधे तर मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या पेशी, आपल्याच रक्तपेशी गिळताना सापडल्या. कोविडमधे मॅरोतल्या प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी थेट फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत दिसल्या, सोबत बारीक गुठळ्या, डी-डायमर ही गुठळ्यांची रक्ततपासणी आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं यायला त्या गुठळ्याच कारण.

आणि हे कळलं पोस्टमॉर्टेममधून, जे २०२० मधे आपल्याकडे शक्यतो चिरफाड न करता करायचं ठरलं. शवागारातल्या कर्मचाऱ्यांना लागण होईल ही भीती खरीच होती. पण जर्मनीने तसाच सल्ला देऊन थोड्याच दिवसांत बदलला, हॅम्बुर्गला तर काम चालूच राहिलं, आपल्याकडे भोपाळसारख्या मोजक्याच ठिकाणी झालं. दुसऱ्या लाटेत आपली माणसं जात होती तेव्हा आपल्याच पेशंटच्या फुफ्फुसाबद्दल आपण बाहेरच्या स्लाईडवर विसंबून होतो, हे मला अजून पटत नाही.

माझ्या मावशीचा स्कोर १९ होता, चार महिन्यांनी परत स्कॅन केला तर खालच्या भागात दोन बारीक रेघा, बाकी साफ. शेजारच्या काकांचा १२ होता, त्यांना अजून पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागतं.