एजंटाच्या हातात पासवर्ड कशाला?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात माझ्या मित्राचं गुळाचं अडत दुकान आहे. दिवसभराच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, रात्री हिशोबाच्या सर्व्हरवर चढवायला त्यानं एक सॉफ्टवेअर एजंट करून घेतलाय. परवा त्याची फाईल उघडली, तर सर्व्हरचा पासवर्ड तिसऱ्याच ओळीत उघडा. प्रोग्राम लिहिणारा पोरगा कधीच नोकरी सोडून गेलाय. "सोळा अक्षरी आहे की," मित्र म्हणाला. पण प्रश्न लांबीचा नाही. पासवर्ड समोरच्याला सांगावा लागतो, आणि सांगितलं की गुपित दोघांचं होतं.

गुपित न सांगता ओळख पटवता येते. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जाहीर आणि खासगी अशा जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती मूळ संख्यांवर उभी केली. हे गणित मला फार आवडतं, कागद-पेन्सिल घ्या.

३ आणि ११ या मूळ संख्या, गुणाकार ३३. दोन्हींतून एक-एक वजा करून गुणा: २ × १० = २०. आता ३ आणि ७ घ्या. त्यांचा गुणाकार २१, त्याला २० नं भागलं की बाकी १. जोडी जमली. ३३ आणि ३ जाहीर, ७ एजंटाजवळच.

एजंट सर्व्हरला चिठ्ठी लिहितो: मी कोण, कोणाच्या वतीनं आलो, चिठ्ठी किती वाजेपर्यंत चालेल, आणि पुन्हा न वापरायचा एक क्रमांक. या मजकुराचा गणिती ठसा, म्हणजे त्यावरून काढलेली एक संख्या, निघतो. तो ४ धरू. ४ चा सातवा घात १६,३८४. ३३ नं भागून बाकी १६. ही सही. सर्व्हर १६ चा घन करतो, ४,०९६. ३३ नं भागून बाकी ४. ठसा जुळला! आणि ७ दुकानाबाहेर गेलाच नाही.

७ शोधायला २० हवेत, २० साठी ३३ चे अवयव. ३३ चे शाळकरी पोरही पाडेल. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, तेव्हा एका प्रोसेसर-कोरच्या हिशोबानं सुमारे २,७०० वर्षांचं काम लागलं. आज सर्रास वापरतात ती संख्या ६१७ अंकी असते.

सही पटली की सर्व्हर टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना देतो, समजा तासाभराचं आणि फक्त पट्ट्या चढवण्यापुरतं. ते चोरीला गेलं तर तेवढा तास धोका राहतोच, पण तेवढाच. चिठ्ठीची नक्कल करून परत पाठवली, तर वापरलेला क्रमांक बघून सर्व्हर ती नाकारतो.

मित्राच्या पासवर्डात अंकशास्त्रवाल्यानं सांगितलेला 'शुभ' आकडाही होता. हे खूळ सोडाच. किल्ली पूर्ण यादृच्छिक हवी. आवडीचा आकडा घातला की चोराचं काम हलकं होतं.

त्याच रात्री दुकानातल्या संगणकावर नवी जोडी तयार केली, जाहीर किल्ली सर्व्हरवर नोंदवली आणि जुना पासवर्ड रद्द केला. मित्र विचारत होता, जाहीर किल्ली कुठं लपवू? म्हटलं, बाजारभावाच्या फळ्यावर लिहिलीस तरी चालेल. खासगी किल्लीची फाईल मात्र पेनड्राइव्हवरसुद्धा घालून कुणाला देऊ नकोस.